इरल्याबाहेरचे पाय

मराठी मुलखातील पावसाळी पोशाखाचा इतिहास कोणी लिहायला घेतल्यास एक गोष्ट त्याला आरंभीच नोंदवावी लागेल. या पोशाखाने पायांचा विचार केलेला नाही. कोकणात आणि मावळात भातलावणी करणाऱ्यांचे इरले डोके आणि पाठ झाकते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन ही त्याची रचना वाकून काम करणाऱ्या शरीरासाठी आहे. देशावरची घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतली की फार तर गुडघ्यापर्यंतची सोय होते. गुडघ्याखाली पाऊस आणि माणूस यांच्यामध्ये काही नाही.

हे केवळ दारिद्र्यामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. अनवाणी पाय भिजतो आणि वाळतो. आल्यागेल्याला दाराशी पाय धुवायला पाणी देण्याची रीत ज्या समाजात होती, त्याला ओल्या पायाचे भय वाटत नव्हते. ओला पाय घरात यायचा तो धुऊन, पुसून. भय होते ते कातड्याचे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे पाण्याने फुगते, सैल पडते आणि लवकर न वाळल्यास कुजते. कोल्हापुरी चपलेची शिवणही चामड्याच्याच वादीची, तेव्हा तीही भिजणारच. म्हणून ओढा आला की वहाणा हातात घ्यायच्या आणि पलीकडे जाऊन पायांत घालायच्या. पायाने वहाणेचे रक्षण करायचे, असा हा उलटा व्यवहार होता.

येथे एक भेद सांगितलाच पाहिजे. हातात घेतलेल्या वहाणेला मराठी मुलखात दोन इतिहास आहेत. एक ओढा ओलांडणाऱ्याच्या काटकसरीचा. दुसरा सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांवर लादलेल्या सक्तीचा. पावसाळा संपल्यावर पहिल्याच्या वहाणा पुन्हा पायांत येत. दुसऱ्याला ऋतू नव्हता. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण सहज तोंडी येणाऱ्यांनी हा दुसरा इतिहास जरूर आठवावा.

पावसात सायकल चालवताना पाय कोरडे कसे ठेवावेत, तेही थोड्या पैशांत, हा प्रश्न वरकरणी गृहोपयोगी सदरात शोभणारा आहे. आम्हाला तो इतिहासाचा वाटतो, आणि त्याचे कारण वरील परिच्छेदांत आहे. कोरडे पाय ही गरज पावसाने निर्माण केलेली नाही. ती बंद बुटाने, मोज्याने आणि घड्याळाने निर्माण केली. ज्याला दहा वाजता कचेरीत बूट घालून बसायचे आहे, त्याचा पाय भिजला तर संध्याकाळपर्यंत वाळत नाही. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात. १९०० सालानंतरच्या त्या चिखलवाटेचा उल्लेख निष्ठेची खूण म्हणून केला जातो, आणि ते योग्यच आहे. पण चिखलात गेलेले पाय पुढे वाळले कसे, याची चौकशी कोणी करीत नाही. चरित्रकाराला ध्येय दिसते. मोजे दिसत नाहीत. आमच्या पाऊसकवितेबद्दलही थोडेफार असेच म्हणता येईल. तिची नजर बहुधा आभाळाकडे असते.

मोज्यांचा विषय जगाच्या इतिहासात एकदा फार गांभीर्याने हाताळला गेला, तो पहिल्या महायुद्धात. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या पाण्याने भरलेल्या खंदकांत सैनिकांचे पाय सडू लागले; हिंदी पलटणीही तेथे होत्या. पायात उत्तम लष्करी बूट होते, तरी हे घडले. पोटरीला गुंडाळायची जी पट्टी इंग्रजांनी हिंदुस्थानातून, नावासकट, उचलली होती, ती भिजून आवळली की रक्तप्रवाह अडे. उपाय निघाला तो साधा होता: पाय पुसणे, तेल चोळणे आणि कोरडे मोजे चढवणे, आणि हे दररोज, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. पाणी बाहेर ठेवण्याच्या प्रयत्नापेक्षा आत आलेल्या पाण्याचा रोजच्या रोज बंदोबस्त करणे अधिक उपयोगी ठरले.

आता बिबवेवाडीकडे येऊ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पूरग्रस्तांच्या वसाहतींबरोबर शहर दक्षिणेला सरकू लागले. सहकारनगर, पर्वती दर्शन ही नावे त्या सरकण्यातली. त्यांच्याही पलीकडे, टेकडीच्या अंगावर चढत गेलेली वस्ती म्हणजे बिबवेवाडी: खाली गुळटेकडीचे मार्केट यार्ड, पश्चिमेला सातारा रस्ता, वर अप्पर इंदिरानगर. पेठेत राहणारा कामाला चालत जाऊ शकत होता; येथे राहणाऱ्याला ते परवडेना. त्याला सायकल लागली. ‘सायकलींचे शहर’ या बिरुदाचे स्मरणरंजन करताना हे विसरले जाते की अनेकांसाठी सायकल हा अंतरावरचा सर्वांत स्वस्त इलाज होता.

या उपनगराची एक भौगोलिक अडचण आहे. सकाळी कामाला जाताना उतार, संध्याकाळी परतताना चढ. मोठ्या सरीत टेकडीवरचे पाणी रस्त्यानेच खाली येते, म्हणजे सकाळी सायकलस्वार आणि पाणी एकाच दिशेने निघालेले असतात. पुण्याचा पाऊस वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. परंतु तो कधी कसा पडेल हे त्या आकड्यात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने पद्मावती-सहकारनगरच्या बाजूला जे केले, ते या परिसराच्या स्मरणात आहे. तशा रात्री सायकल काढूच नये, हे सांगायला नको.

सायकलीवर पाऊस वरून कमी आणि खालून जास्त लागतो, हे सायकल न चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुढच्या चाकाला चिकटलेले पाणी चाकाच्या मागच्या अंगाने वर उचलले जाते आणि सुटून थेट पावलांवर आणि नडग्यांवर येते. रेनकोट कितीही चांगला असला तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना, मग ती सोनिपतची अ‍ॅटलस असो, लुधियानाची हीरो असो की मद्रासची हर्क्युलस, याचे उत्तर कारखान्यातूनच मिळालेले असे: चाकाला मागे खालपर्यंत कवेत घेणारे पत्र्याचे मडगार्ड, त्याच्या टोकाला लोंबणारा रबराचा पडदा, आणि साखळीवर चेनकव्हर. गिअरच्या सायकली आल्या तेव्हा यातले बरेचसे वजन म्हणून काढून टाकले गेले. ज्या देशात चार महिने पाऊस पडतो, तेथे मडगार्ड ही वेगळी विकत घेण्याची वस्तू व्हावी, याला प्रगती म्हणावे की काय, ते वाचकांनी ठरवावे.

दरम्यान मध्यमवर्गाने आपल्यापुरता प्रश्न सोडवला होता. इटलीत १९४६ साली व्हेस्पाचा आराखडा करणाऱ्या कोरादिनो दास्कानियोने स्वाराच्या पायांपुढे पत्र्याची ढाल ठेवली, ती रस्त्यावरची घाण कपड्यांवर उडू नये म्हणून. बजाजची चेतक १९७२ साली आली ती याच घराण्यातली. पुणेकरांनी सायकल सोडून स्कूटर का घेतली याची कारणे देताना वेग, पेट्रोल, चढ, डबलसीट हे सारे सांगितले जाते. ढालीमागे कोरडी राहणारी पावले कोणी मोजत नाही. आम्हाला ते कारण लहान वाटत नाही. कोरडा पाय ही त्या काळी विकत घेण्याची गोष्ट होती, आणि सायकलवर उरला तो ती विकत घेऊ न शकणारा: यार्डातला हमाल, बांधकामावरचा मजूर, पहाटेचा पेपरवाला. पेपरवाल्याचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले असतात. पाय उघडेच.

या उघड्या पायांना जे होते त्याला मराठीत नेमका शब्द आहे: चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फाटते, झोंबते. घरगुती उपाय हळद-तेलाचे, मेंदीचे. बिबवेवाडी या नावाने मराठी वाचकाला बिब्बा आठवल्यावाचून राहत नाही, आणि बिब्बाही पायांचाच: काटा मोडला, टाच भेगाळली की त्याचा चटका देत. तो जपूनच वापरावा लागे, कारण त्याचे तेल निरोगी कातडीला भाजते. चिखल्यांवर मात्र खरा इलाज एकच, बेचके कोरडे ठेवणे. आणि आठ तास ओल्या बुटात उभ्या असलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

मग कमी पैशांत करायचे काय? गमबूट हे उत्तर नव्हे. सायकलवर गुडघा वरखाली होतो, बुटाचे तोंड उघडते, पोटरीवरून ओघळलेले पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर बूट ही युक्ती जगभर चालते, आपल्याकडेही चालत आली. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुकानातल्या पातळ पिशव्यांवर गदा आली, दुधाच्या पिशव्या वगळल्या गेल्या. पण अर्ध्या लिटरची पिशवी मोठ्या माणसाच्या चवड्यापुरतीच पुरते. शिवाय पिशवीत घाम साचतो, तेव्हा तास-अर्ध्या तासाच्या वाटेलाच ती बरी. पिशवी वापरायची तर एक नियम पाळावा: कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, तशी पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून यावी. ती बुटात खोचली की पन्हळ तयार होते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र तोच आहे जो ओढा ओलांडणारा करीत असे. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घालून निघावे. साधी स्लीपर ओल्या पेडलवरून सटकते. बूट, मोजे आणि एक जुना पंचा पिशवीत बांधून कॅरिअरला लावावा. पोहोचल्यावर पाय धुवावेत, बेचके पुसावेत, मग मोजे चढवावेत. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ती पोहोचण्याच्या ठिकाणी एक नळ, बसायला एक पायरी आणि पाच मिनिटे. आणि या तीन गोष्टी देणे कामावर ठेवणाऱ्याच्या हातात असते, सायकलस्वाराच्या नव्हे. काही शाळा पावसाळ्यापुरती बुटांची सक्ती शिथिल करून सँडलला परवानगी देतात. कचेऱ्यांनी आणि दुकानांनी तसे का करू नये, याला आम्हाला तरी सयुक्तिक उत्तर सापडत नाही.

बूट भिजलेच तर रात्री त्यांत रद्दीचे बोळे भरावेत आणि निजण्यापूर्वी एकदा बदलावेत. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवल्यास कातडे तडकते. मडगार्डचा पडदा जुन्या ट्यूबमधून कापता येतो, पंक्चरच्या दुकानात मागितला तर बहुधा फुकट मिळतो. भोक पाडून मडगार्डला आवळताना तो जमिनीपासून चार बोटे वर राहील एवढा लांब ठेवावा. त्याहून लांब ठेवल्यास गतिरोधकावर घासतो, आणि बिबवेवाडीत गतिरोधकांची वाण नाही.