डेव्हलपमेंट : उमलण्यापासून पाडण्यापर्यंत

मी रायपूरच्या शंकर नगरमधून बोलतोय. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत. आमचं घर त्या मानाने अलीकडचं, वडिलांनी बांधलेलं. गेल्या महिन्यात धाकटा भाऊ म्हणाला, "घर डेव्हलपमेंटला देऊ." आईने विचारलं, "म्हणजे पाडायचंच ना? मग तसं म्हण की."

त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जाईना. आज त्याचाच इतिहास पाहू.

इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ, गुंडाळलेलं उलगडणं. 'एन्व्हलप' हा त्याचाच भाऊबंद. तो गुंडाळतो, हा उलगडतो. कॅमेऱ्याची फिल्म 'डेव्हलप' करतात ती याच अर्थाने. चित्र फिल्मवर आधीच उमटलेलं असतं, फक्त दिसू लागतं. आपल्या 'विकास'चाही मूळ अर्थ उमलणं. कळी आपली आपण उमलते.

पुढे साम्राज्यांच्या काळात या शब्दाला बाहेरचा कर्ता मिळाला. जमिनी, खाणी, वसाहती दुसऱ्या कोणीतरी 'डेव्हलप करायच्या' झाल्या. १९२९ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींच्या डेव्हलपमेंटचा कायदा केला, त्यात ब्रिटनच्या उद्योग-व्यापाराला चालना देण्याचा हेतूही उघडपणे लिहिलेला होता. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात 'अंडरडेव्हलप्ड' प्रदेशांचा उल्लेख केला आणि निम्म्याहून अधिक जगाला ते नाव चिकटलं. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले गटविकास अधिकारी त्याच वाटेने आले.

इथे हिंदी मुलखात आणखी एक गंमत आहे. मराठीत डार्विनची 'उत्क्रांती'. हिंदी पुस्तकांत तोच 'विकासवाद'. उत्पन्न वाढलं तर 'विकास दर', रस्ता रुंद झाला तर विकास, घर पडलं तरी विकास! खरं तर नुसता आकार मोठा होणं म्हणजे वाढ. आतलं उमलणं म्हणजे विकास. एकच शब्द सगळीकडे वापरला, की काय उमललं आणि काय मोडलं, हे विचारायचं राहून जातं.

आमचा करार अजून झालेला नाही. कदाचित होईलही, घर गळतं, भावाचंही खोटं नाही. पण आता आम्ही 'पाडणं' आणि 'बांधणं' हे दोन शब्द वेगवेगळे बोलतो. आणि नकाशा उघडला की पहिला प्रश्न असतो, यात आईची खोली कुठे?

तुमच्या गावात 'विकास' म्हणजे नेमकं काय चाललंय? एकदा हा शब्द न वापरता सांगून बघा.