झील

आमच्या वाळवा तालुक्यानं मुंबईला दोन लावण्या दिल्या. पहिली रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांची, दुसरी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली. दोघांनी मुंबई बघितली, दोघांनी तिच्यावर लावणी रचली. पण दोघांना दिसलेली मुंबई एक नव्हती.

बापूराव १८६६ सालचे. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरचं कुलकर्णीपण बाजूला ठेवून, जातभाईंचा रोष पत्करून हा माणूस तमाशात शिरला आणि पवळेच्या साथीनं त्यानं फड गाजवला. त्यांच्या लावणीतली मुंबई नटलेली आहे, डोळे दिपवणारी आहे. गावाकडचा गडी पहिल्यांदा बोरीबंदरला उतरला की मान वर करून जसा बघत राहतो, तसं ते बघणं आहे. अण्णा भाऊ १९२० सालचे. बापाबरोबर वाटेगावातनं चालत मुंबईला गेलेले. त्यांची नजर मान वर करून बघणाऱ्याची नव्हती, डोक्यावर ओझं असलेल्याची होती. त्यांची लावणी मलबार हिलवर सुरू होते, तिथली कुबेराची वस्ती दाखवते आणि लगेच खाली परळात उतरते. मिळेल ते खाऊन रात्रंदिवस राबणारी माणसं तिथं भेटतात. मग मुंबईच्या रस्त्यांची नावं एकामागून एक येतात, गर्दी येते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस शहर दाखवत नाही, हिशेब मांडतोय.

ही लावणी पुस्तकात आहे. अभ्यासक तिच्यावर लिहितात. पण आमच्या भागात ती आता कुणी म्हणत नाही. अण्णा भाऊंचं नाव काढलं की लोक ‘माझी मैना’ म्हणतात, आणि तिथंच थांबतात. मैनेचा मान मोठा आहे, तो मला कमी करायचा नाही. पण दुसरी लावणी का मागं पडली, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. कारण ती मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी ऐकली होती, आणि एका गळ्यातनं नव्हे, चार गळ्यांतनं.

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघंही कष्टकऱ्यांच्या चळवळीतले. अमर शेख बार्शीचे, पहाडी आवाजाचे. हजारोंच्या सभेला त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. अण्णा भाऊंची लेखणी, गव्हाणकरांची रचना आणि शाहिरी, अमर शेखांचा गळा. या पथकानं तमाशाचा साचाच बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायाला वंदन आलं, गवळण गेली, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेतकरी, मजूर बोलायला लागले. पुढं सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊंनी नाव बदललं आणि तेच रूप ‘लोकनाट्य’ म्हणून चालू ठेवलं. काही वर्षांनी पथकातले शाहीर आपापल्या वाटेनं गेले. १९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्यात दोन आवाज बंद झाले.

या तिघांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्यांच्या मागं उभ्या असलेल्यांबद्दल बोलायचंय. शाहिराच्या मागं दोघं-तिघं उभे असतात ना, ते झीलकरी. तमाशात त्यांनाच सुरत्ये म्हणतात. शाहिरानं ओळ टाकली की तिचं शेपूट पकडून ते वर ओढतात, ‘जी जी’ करत सूर तोलून धरतात. हातात झांज, नाहीतर तुणतुणं. त्यांचं नाव जाहिरातीत नसतं, पुस्तकात नसतं. आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात आणि गावात सगळे तात्या म्हणायचे, ते झीलकरी होते. त्या मूळच्या पथकात नव्हे. परळच्या चाळीत गिरणीवाल्या पोरांनी त्या पथकाचं बघून आपलं एक लहानसं पथक केलं होतं, त्यात.

तात्या साचेखात्यात होते. शेकडो साचे एकदम चालायला लागले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरनं बोलणं ओळखतात, खुणा करतात, आणि फारच गरज पडली तर साच्यांच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत हाक मारतात. तात्यांचा गळा असा गिरणीनंच तयार केला. ते म्हणायचे, “पोरा, खालच्या सुरात वरडलं तर साचा गिळतो. वरनं जायाचं.” झील धरतानाही ते वरनंच जायचे. शाहीर मधल्या सप्तकात गायचा, दुसरा झीलकरी त्याच्याच सुरात भर घालायचा, आणि तात्या त्याच्या वरच्या षड्जाला जाऊन उभे राहायचे. खाली तुणतुण्याची एकच तार एकाच सुरात टणटणत असायची. विलायती गाण्यात वेगवेगळ्या गळ्यांचे सूर एकमेकांत गुंफतात, तसली ही रचना नाही. इथं सूर तोच, पण तो दोन मजल्यांवर राहतो, आणि मधल्या जागेत ऐकणाऱ्याला उभं राहता येतं.

झील कशाला लागते, हे तात्यांनीच मला सांगितलं. पहिलं म्हणजे शाहिराला दम घ्यायला. दुसरं, त्याला पुढली ओळ आठवायला. तिसरं, लाउडस्पीकर नसताना मैदानात मागं बसलेल्यांना जे पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही ते दुसऱ्यांदा पोचवायला. आणि चौथं कारण सांगताना ते जरा थांबायचे. “एकटा बोलला तर तो तक्रार करतो. मागनं चौघांनी तेच म्हटलं म्हंजी मग ती तक्रार ऱ्हात न्हाई.” मग काय राहतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मुंबईच्या लावणीत ते आपोआप कळायचं. ओळीच्या टोकाला लांब ‘ई’कार येतो, आणि तो झीलकऱ्यांसाठीच केलाय असं वाटावं इतका तो त्यांच्या गळ्यात बसायचा. शाहीर परळातल्या माणसाचं राबणं सांगून थांबायचा आणि मागनं तिघं ते राबणं वर उचलून धरायचे.

आमच्या गावच्या जत्रेला मुंबईकर मंडळी यायची. ट्रंका, नवी धोतरं, पोरांना बिस्किटाचे पुडे. पालखी झाली, कुस्त्या झाल्या की रात्री चावडीपुढं हे चौघं उभे राहायचे. शाहीर शेजारच्या गावचा, तात्या आणि आणखी दोघं आमच्या गावचे. चौघं एकाच खोलीत राहायचे. त्या खोलीत वीसेक माणसं, पाळीनं झोपायची. एकाची पाळी सुटली की दुसऱ्यानं उठायचं, वळकटी तीच. जेवण खानावळीत. एका पाळीत सगळे कधीच जमायचे नाहीत, म्हणून तालमीला रविवार. हे सगळं मला ठाऊक होतं, पण ते गाताना बघितलं की खोली आठवायची नाही, गळेच आठवायचे. बायका ओसरीवरनं ऐकायच्या. माझी चुलती खांबाला टेकून बसायची. मलबार हिलची ओळ आली की गडी हसायचे, परळाची आली की मुंबईकर गप्प व्हायचे आणि गावातली म्हातारी माणसं त्यांच्याकडं बघायची. पोरगं पैसे पाठवतं, ते कुठनं येतात, याचा पत्ता त्यांना त्या लावणीत लागायचा.

मग मैना आली. म्हणजे ती आधीच आली होती, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, पण माझ्या वयाच्या पोरांपर्यंत ती हळूहळू पोचली. गावाला राहिलेली मैना आणि मुंबईत तिच्यासाठी तळमळणारा गडी. ऐकता ऐकता कळतं की ही मैना म्हणजे नुसती बायको नाही, ती बेळगाव, कारवार, निपाणी आहे, महाराष्ट्राबाहेर राहिलेली माती आहे. अमर शेखांच्या आवाजात ती महाराष्ट्रभर गेली. आमच्या चावडीपुढंही लोक तिचीच फर्माईश करायला लागले. तात्यांनी कधी ना म्हटलं नाही. मैनेतही झील होतीच. पण मुंबईची लावणी मागं सरकली. पहिल्या नंबरावरची दुसऱ्यावर, मग वेळ उरला तर.

मला याचं कारण असं वाटतं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई कुणाची, हा प्रश्न सुटला असं लोकांनी धरलं. शंभरावर माणसांनी त्यासाठी जीव दिले होते, तेव्हा तसं धरणं साहजिकच होतं. सीमाभाग मात्र बाहेर राहिला, म्हणून मैनेची तळमळ ताजी राहिली. पण लावणीतला प्रश्न वेगळा होता. मुंबई कुठल्या राज्याची, असं ती विचारत नव्हती. मुंबईतल्या मुंबईत मुंबई कुणाची, असं विचारत होती. तो प्रश्न मुंबई मिळाल्यानं सुटणारा नव्हता. उलट मिळाल्यावर तो आपल्याच माणसांना विचारावा लागणार होता, आणि तसं विचारणारं गाणं जत्रेत कुणाला नको असतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने आमच्या गावात त्याची बातमी म्हणून चर्चा होती. मग माणसं यायला लागली. एसटीतनं उतरायची, पण जत्रेला उतरायची तशी नाही. ट्रंक तीच, बिस्किटाचा पुडा नाही. उन्हाळ्यात तात्या आले. म्हणाले, मिटलं की जातो. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागं घेतलेला नाही. तात्यांची गिरणी परत त्यांच्यासाठी उघडली नाही.

चाळीस वर्षांनी शेतात उतरलेला माणूस मी जवळनं बघितला. हात साच्याचे, खुरपं नीट धरता येईना. दोन एकरांत तीन भाऊ, कुणी काही बोलायचं नाही, पण जेवायला बसताना तात्या शेवटी बसायचे. चुलती एकदा माझ्या आईला म्हणाली, “जाऊबाई, हे जल्मभर पाव्हणं म्हणून आलं, आता घरधनी म्हणून कसं ऱ्हायाचं त्येच ह्यांस्नी कळंना.” मैनेतल्या गड्याला गावाकडं यायचं होतं. तात्या आले होते, आणि त्या येण्यात आनंद नव्हता. तेव्हापासून मैना सुरू झाली की ते उठून जायचे. कुणाला वाटायचं, म्हातारा तऱ्हेवाईक झाला.

पुढच्या जत्रेला तिघं जमले. चौघांतला एक मुंबईतच राहिला होता, भाजीची गाडी लावून. लोकांनी नेहमीप्रमाणं मैना मागितली. तात्या म्हणाले, “आज न्हाई. आज मुंबई.” आणि ती लावणी त्या रात्री पुरी झाली. परळाची ओळ आली तेव्हा शाहिराचा आवाज बसला. त्याला पुढं जाता येईना. तात्या आणि दुसरा झीलकरी वरच्या सुरात तेच शेपूट घेऊन उभे राहिले, एकदा, दोनदा, तीनदा, शाहिराला दम येईपर्यंत. हसण्याच्या ओळीवर त्या रात्री कुणी हसलं नाही. समोर निम्मे तरी परत आलेले गडी होते.

नंतर शाहीर वारला. मी तात्यांना म्हटलं, “तात्या, तुम्हाला सगळी पाठ आहे. तुम्ही म्हणा.” ते म्हणाले, “शाहीर मेला तर दुसरा हुतो. शब्द काय, कागदावर बी घावत्यात. झील धराय माणूस न्हाई, मग म्हणू कुणासंगं?” त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला. माझा गळा वर जात नाही. तात्या १९९७ साली गेले. भाजीची गाडी लावणारे त्याआधीच गेले होते.

आता दर १ ऑगस्टला आमच्याकडं अण्णा भाऊंची जयंती थाटात होते. मिरवणूक असते, मोठाले स्पीकर असतात, मैना वाजते आणि पोरं नाचतात. नाचू देत. त्या माणसाच्या नावानं आमची पोरं छाती काढून चालतात, यात मला समाधान आहे. परळात जिथं भोंगे वाजायचे तिथं आता मॉल आहेत, उंच इमारती आहेत. माझा पुतण्या तिथल्याच एका इमारतीत रात्रपाळीचा पहारा करतो. खोली डोंबिवलीकडं, सहाजण मिळून घेतलेली, पाळीनं झोपायची. मलबार हिल आता परळातच आलंय, आणि परळातला माणूस आणखी लांब गेलाय.

गेल्या दिवाळीत मी त्याला पुस्तकातनं ती लावणी वाचून दाखवली. तो ऐकून घेऊन म्हणाला, “काका, हे कधीचं हाय?” मी अण्णा भाऊंचं साल सांगितलं. त्यानं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि खोलीवरच्या पाचजणांना पाठवला.