रामजोशांच्या लावणीचा संस्कृत वारसा

सोलापूरचे शाहीर रामजोशी यांची लावणी केवळ तमाशाच्या फडांतून उपजली, हा समज अर्धाच खरा होय. डफ-तुणतुण्याची साथ व गाण्याचा ठेका त्यांस फडानेंच दिला. परंतु पंढरपुरीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें होतें. ‘मदालसाचंपू’ हें संस्कृत काव्यही त्यांच्या नांवावर आहे. त्यांच्या लावण्यांतील नखशिखान्त वर्णन व विरहिणी नायिका अलंकारशास्त्रास परिचितच आहेत. यमकानुप्रासांची दाटी पाहतां मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्यांचें स्मरण होतें. त्याच आर्या पुढें रामजोशांनीं कीर्तनांतून लोकप्रिय केल्या.

यावरून पाठनिर्णयाचें एक साधन हातीं येतें. ज्या कवीचें यमक सहसा चुकत नाहीं, त्याच्या लावणींत तें एकाएकीं तुटलें, तर तेथें लेखकप्रमाद संभवतो. निर्णय मात्र दुसरी प्रत ताडून पाहूनच करावा; आणि प्रती उरल्या नाहींत, तर ताडावें कशाशीं? म्हणून संग्राहकांस विनंति कीं, दप्तरांतील संस्कृत पोथी जपतांना शेजारचें लावण्यांचें बाड क्षुल्लक समजून टाकूं नये. दोन्ही एकाच विद्येचीं अपत्यें आहेत.