विक्रीकराची माफी आणि धाराशिवचा ऊस

मागास भागात कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आणली आणि १९७९, १९८३, १९८८, १९९३ अशी ती पुन्हा पुन्हा नव्याने मांडली. तालुक्यांची प्रतवारी होई. तालुका जितका मागास, तितकी विक्रीकराची सवलत मोठी. कर माफ होई, नाहीतर गोळा केलेला कर काही वर्षं वापरून मागाहून भरायची मुभा मिळे. सवलतीची मर्यादा जमीन, इमारत आणि यंत्रसामग्रीत घातलेल्या भांडवलावरून ठरे. पैसा मात्र हाती येई तो तयार माल विकल्यावर, आणि तोही त्या मालावर विक्रीकर लागत असेल तर. धाराशिव जिल्ह्याला ही योजना पुरती लाभली नाही, त्याचं मोठं कारण मला या अटीत दिसतं.

या जिल्ह्याचा मोठा उद्योग साखर. ढोकीचा तेरणा कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला. पण साखर, कापड आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर लावू नये, त्याऐवजी केंद्राने जादा उत्पादन शुल्क घेऊन राज्यांना वाटा द्यावा, अशी व्यवस्था १९५७ पासूनच होती. गाळपाची यंत्रं कितीही महागडी असली, तरी साखरेच्या पोत्यावर माफ करायला राज्याच्या हाती करच नव्हता. उलट १९६२ च्या कायद्याने उसावर खरेदीकर बसला. मळी आणि मद्यार्क करपात्र होते, पण ती जोड-उत्पादनं. भूमकडच्या खवा भट्ट्यांचंही तेच: उलाढालच इतकी लहान, की माफ काय करणार?

यावर कुणी तामलवाडीकडे बोट दाखवेल. तुळजापूर तालुक्यातल्या या गावात बालाजी अमाइन्सचा रसायन कारखाना उभा आहे, आणि रसायनांवर विक्रीकर लागत असे. आक्षेप रास्त आहे; सवलत नसती तर तालुक्यात आहे तेवढाही उद्योग आला नसता, असं म्हणता येतं. पण तामलवाडी सोलापूरच्या वाटेवर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे, आणि कंपनीचं कार्यालयही सोलापुरातच. प्रतवारी तालुक्याची होती, त्यामुळे बाजारपेठ आणि रेल्वे सोलापूरची वापरून मागास तालुक्याच्या हद्दीत बसणं नियमात बसत होतं. परंड्याला किंवा कळंबला असं शहर शेजारी नव्हतं.

राज्यांमधली सवलतींची चढाओढ थांबवण्यासाठी २००० पासून नव्या विक्रीकर सवलती बंद करायचं राज्यांनी ठरवलं. २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, २०१७ मध्ये जीएसटी. यंत्र घेताना भरलेला कर आता तयार मालावरच्या करातून वळता होतो, आणि ही सोय राज्यभर सारखीच आहे. तिने एक जुना अन्याय निश्चित दूर केला: यंत्रावरच्या कराचा बोजा हलका व्हायला तालुक्याच्या प्रतवारीची गरज उरली नाही. साखरही जीएसटीत आल्याने कारखान्याला हा लाभ मिळतो. पण ज्याचा माल करमुक्त आहे, किंवा उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्याने यंत्रावर भरलेला कर आजही त्याच्याच अंगावर पडतो.