तैलचित्राची नक्कल व तिचें प्रामाण्य

'नक्कल' हा शब्द ऐकतांच संग्राहक नाक मुरडतात. तैलचित्रांपुरती तरी ही अढी सोडावी, असें आम्हांस वाटतें.

जेवणापूर्वीं मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या आईचें, फ्रेंच चित्रकार शार्दँ याचें 'बेनेदिसिते' हें चित्र १७४० सालीं पंधराव्या लुईस नजर झालें. त्यानेंच स्वहस्तें केलेली दुसरी प्रत १८६९ सालीं ला काझ याच्या देणगींतून पॅरिसच्या लूव्र संग्रहांत आली. मूळ चित्रही तेथेंच आहे.

१७९३ सालीं खुल्या झालेल्या या संग्रहांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी नकला करून शिकले. नक्कल मूळच्या मापाची नसावी व मूळची सही उतरूं नये, असा तेथील नियम आहे. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव व शक घाली, तशीच ही प्रामाणिकपणाची खूण होय.

शिकणाऱ्यास लाभ काय? दुरून पांढरें दिसणारें मेजावरचें कापड उतरूं लागतांच त्यांत करड्या-पिवळ्या छटा निघतात. आधीं पातळ थर, मागाहून तेलकट; हा क्रम चुकल्यास रंग तडकतो. चित्रावर तो लिहिलेला नसतो, हातास उमगतो.

सबब, जुन्या वाड्यांत सांपडलेली निनांवी नक्कल टाकून न देतां तिचें माप, कापड व पाठीवरील मजकूर प्रथम टिपून ठेवावा.