पालक, शाळा आणि वसतिगृह : कोल्हापूर व सातारा येथील मुलग्यांच्या शिक्षणाचा एक उपेक्षित पक्ष

आपल्याकडे शिक्षणाचा जो इतिहास लिहिला गेला, तो मुख्यतः संस्थापकांचा, अध्यापकांचा आणि नामवंत विद्यार्थ्यांचा इतिहास होय. शाळा कोणी स्थापन केली, इमारत केव्हा उभी राहिली, तीतून कोण थोर पुरुष बाहेर पडले, हे आपणांस ठाऊक असते. परंतु ज्याने आपल्या मुलाला शाळेत धाडले, किंवा धाडले नाही, त्या पालकाचा उल्लेख या इतिहासात क्वचितच आढळतो. आढळलाच तर तो बहुधा एका ठरीव शब्दाच्या आश्रयाने येतो. तो शब्द म्हणजे ‘अनास्था’. खेड्यातील मुले शाळेत का टिकत नाहीत, या प्रश्नाला पालकांची अनास्था हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. मुलग्यांच्या शाळांनी व त्यांच्या भोवती वाढलेल्या वसतिगृहांनी पालकांविषयी कोणते धोरण स्वीकारले, आणि त्या धोरणाच्या प्रकाशात हे उत्तर कितपत टिकते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कालमर्यादा साधारणतः इ. स. १९०१ ते १९४० अशी धरली असून क्षेत्र कोल्हापूर संस्थान व सातारा जिल्हा हे आहे.

प्रथम पालकावरील भाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शाळेचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला की घरातील दोन हात कमी होतात. गुरे कोणी राखावयाची, पाखरे कोणी हाकावयाची, धाकट्या भावंडास कोणी सांभाळावयाचे, हे प्रश्न त्याच दिवशी उभे राहतात. प्राथमिक शाळा संपल्यानंतर तर याहून मोठी अडचण येते. इंग्रजी शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तेथे मुलाने राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोणाच्या घरी? जोतीराव फुले यांनी इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात या भाराची स्पष्ट जाणीव आहे. अत्यंत दारिद्र्यामुळे, आणि गुरे राखण्यासाठी व शेताकडे पाहण्यासाठी मुलांची गरज असल्यामुळे शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहतो, असे त्यांनी म्हटले. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी केली. पण शाळांची संख्या वाढविण्याबरोबरच शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांच्या रूपाने खास उत्तेजन द्यावे, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. आज्ञा आणि आधार या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात एकत्र मांडल्या, हे येथे ध्यानात ठेवावयाचे.

परगावी शिकणाऱ्या मुलाच्या अन्नाची सोय करणारी एक व्यवस्था आपल्या समाजात पूर्वापार होती. मधुकरी मागणे व वार लावून जेवणे ही ती व्यवस्था. आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घ्यावयाचे, आणि त्या बळावर शिक्षण पुरे करावयाचे. पुण्यासारख्या शहरी अनेक निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्यांनी अशा रीतीने विद्या संपादन केली. या व्यवस्थेतील मानहानीची वर्णने आत्मचरित्रांतून विपुल आहेत, आणि ती खरीही आहेत. तथापि तिचे दुसरे अंग सहसा कोणी पाहात नाही. ती वस्तुतः पालकांना मिळणारी एक सामाजिक सेवा होती. कोकणातील एखाद्या भिक्षुकाने हातात चार भांडी देऊन मुलाला पुण्यास पाठविले, तर तो अगदीच उपाशी राहणार नाही, अशी खात्री तिच्यामुळे बाळगता येत असे. परंतु ही सेवा जातीच्या कुंपणात बंद होती. मराठा, जैन, मुसलमान, शिंपी किंवा महार मुलाला वार लावून देणारी सात घरे शहरात नव्हती. सुशिक्षित शहरी कुटुंबांचा असा आश्रय त्यांच्या जातींजवळ नव्हता, आणि इतरांच्या पंक्तीस त्यांना मज्जाव होता. एकाच्या बापाची ‘आस्था’ आणि दुसऱ्याच्या बापाची ‘अनास्था’ यांतील अंतर पुष्कळ अंशी या सात घरांचे अंतर होते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

ही उणीव ओळखून ती राज्याच्या बळाने भरून काढण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न कोल्हापुरात झाला. शाहू छत्रपतींनी इ. स. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८९६ मध्ये, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. परंतु अल्पावधीतच ते बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. या अनुभवानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली, आणि पुढील वीस वर्षांत अशा संस्थांची मालिकाच उभी राहिली. त्याच वर्षी जैन, १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, त्याच सुमारास दैवज्ञ व नामदेव समाजांची वसतिगृहे, आणि पुढे सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार अशी ही यादी १९२० पर्यंत वाढत गेली. दरबारने जागा, इमारती, उत्पन्ने व अनुदाने दिली. दैनंदिन व्यवस्था बहुधा त्या त्या समाजातील मंडळींकडे राहिली.

जातवार वसतिगृहांच्या या पद्धतीवर टीका झाली आहे, आणि जातिभेद नष्ट करू पाहणाऱ्या राजाने त्याच भेदांच्या पायावर संस्था का उभाराव्यात, हा प्रश्न न्याय्यच आहे. पण हा प्रश्न पालकाच्या बाजूने पाहिला म्हणजे त्याचे उत्तर निराळे दिसू लागते. जो बाप गावाबाहेर मुलाच्या हातचे पाणीही कोणाच्या भांड्याला लागू देत नव्हता, किंवा ज्याच्या मुलाच्या स्पर्शाने इतरांचे भांडे विटाळत होते, त्या दोघांनीही आपले मूल परक्या स्वयंपाकघराच्या स्वाधीन करावयाचे होते. आपल्याच समाजाचा व्यवस्थापक, ओळखीचे अन्न, ओळखीची भाषा यांमुळे हा विश्वास सुलभ झाला. म्हणजे जातवार वसतिगृह ही पालकांच्या तत्कालीन मनःस्थितीशी केलेली तडजोड होती. ती ध्येय म्हणून स्वीकारलेली नव्हती, असा निष्कर्ष काढण्यास पुढील घटनांचा आधार मिळतो. कारण १९१९ मध्ये त्याच दरबारने अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसामान्य शाळांतून घेण्याचा हुकूम काढला.

आता सक्तीचा विचार करू. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढील वर्षी केंद्रीय कायदेमंडळात फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. कोल्हापुरातील क्रम येथे महत्त्वाचा आहे. वसतिगृहे १९०१ पासून; शासकीय नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम १९०२ चा; दंड १९१७ चा. आधार आधी, आज्ञा नंतर.

यावर असा आक्षेप घेता येईल की, वसतिगृहे ही माध्यमिक शिक्षणासाठी होती व सक्ती प्राथमिक शिक्षणाची होती. तेव्हा दोहोंचा संबंध जोडणे युक्त नव्हे. आक्षेप सयुक्तिक आहे, आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांची संख्या खेड्यातील एकंदर मुलांच्या मानाने अल्प होती हेही खरे. पण दोन्ही धोरणांचा विषय असलेला पालक एकच होता. पहिल्या पुस्तकाच्या वर्गात मुलाला बसविताना त्याच्या मनात प्रश्न उभा राही तो असा : पुढे काय? चार इयत्ता शिकून मुलगा पुन्हा नांगरामागेच जावयाचा असेल, तर चार वर्षांची गुरे राखण्याची तूट का सोसावी? सुटीत वसतिगृहातून गावी येणारा शेजारचा मुलगा, आणि पुढे कचेरीत किंवा शाळेत नोकरीस लागलेला तोच तरुण, हे त्या प्रश्नाचे दृश्य उत्तर होते. शिडीची वरची पायरी दिसल्यावाचून खालच्या पायरीवर पाय ठेवण्याची सक्ती मनुष्यास अन्यायाची वाटते.

कोल्हापूरचा हा वारसा सातारा जिल्ह्यात नेला तो भाऊराव पाटील यांनी, आणि नेताना त्यात मूलगामी बदल केला. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेले विद्यार्थी. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले व त्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इ. स. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह त्यांनी काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहात व एका पंक्तीस जेवीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. दरम्यान सोलापुरासही बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले होते. अन्न व निवारा यांवाचून शाळेचे दार उघडे असूनही बंदच राहते, ही जाणीव त्या काळी सर्वत्र पसरत होती.

भाऊरावांच्या पाठीशी संस्थानची तिजोरी नव्हती. त्यामुळे पालकांशी त्यांचे नाते निराळ्या पायावर उभे राहिले. मुष्टिफंडाच्या रूपाने, म्हणजे घरोघर बाजूला काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्यातून, वसतिगृहाच्या कोठीत भर पडे. ज्याच्याजवळ रोकड नाही पण ज्वारी आहे, अशा पालकाकडून त्याला देता येईल तेच मागण्याची ही रीत होती. तीत याचना होती, पण दाता व याचक दोघेही एकाच स्थितीतले असल्याने मधुकरीतील मानहानी नव्हती. याहून महत्त्वाची गोष्ट श्रमाची. मुलाचे हात घरून गेल्याची जी तूट फुल्यांनी नोंदविली होती, तिची भरपाई वसतिगृहाने निराळ्या रीतीने केली. मुलाने शेतात, बागेत, बांधकामावर काम करावे व आपल्या शिक्षणाचा भार आपण उचलावा, असा नियम झाला. १९४० मध्ये साताऱ्यास निघालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात विनाशुल्क माध्यमिक शिक्षण व स्वावलंबन यांची सांगड घालण्यात आली, आणि १९४७ नंतर तीच ‘कमवा व शिका’ या नावाने महाविद्यालयापर्यंत पोचली.

या व्यवस्थेचे मोलही सांगितले पाहिजे. कोठीतील धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, आणि अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. सार्वजनिक व्यवस्था जेथे तोकडी पडली, तेथे तिची भरपाई एका घरातील स्त्रीने केली, ही गोष्ट गौरवाची तितकीच विचार करावयास लावणारी आहे. शिवाय या साऱ्या खटपटीत मुलगा हाच प्रामुख्याने ‘विद्यार्थी’ गणला गेला. भाऊ शाळेत गेल्यावर त्याच्या वाटची गुरे व भावंडे पुष्कळदा बहिणीच्या गळ्यात पडली असतील. परंतु तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होण्याचा प्रश्नच नव्हता.

तात्पर्य, अनास्था हे निदान पुराव्याच्या कसोटीस पुरेसे उतरत नाही. ज्या वर्गांना शिक्षणाविषयी उदासीन म्हटले गेले, त्याच वर्गांच्या मुलग्यांसाठी अन्न व निवारा उपलब्ध होताच वीस वर्षांत एकामागून एक वसतिगृहे निघाली व चालली; ज्या शेतकऱ्याने फी दिली नाही, त्याने मूठभर धान्य दिले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी देण्याचे जे धोरण आले, त्याची पूर्वपीठिका या खटपटीतच शोधावी लागेल. संशोधकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. वसतिगृहांचे प्रवेश-अर्ज, कोठीच्या वह्या आणि दंडाच्या नोंदी हे पालकाच्या इतिहासाचे मूळ साधन होय. त्या अर्जांखाली पुष्कळदा सही नसून अंगठा असणार. ज्याला स्वतःला अक्षर येत नव्हते, त्याने मुलाच्या अक्षरासाठी उमटविलेला तो अंगठा अनास्थेची खूण म्हणून वाचावयाचा की आस्थेची, याचा निर्णय ती कागदपत्रे पाहिल्यावाचून कोणी देऊ नये.