दंतविकार : मोताळा परिसर

बुलढाणा जिल्ह्यात राजूर घाटाखाली, बुलढाणा–मलकापूर रस्त्यावर असलेल्या मोताळा तालुक्यात आणि आसपासच्या गावांत नेहमी आढळणारे दातांचे व तोंडाचे विकार, त्यांवरील उपचार आणि प्रतिबंध यांची ही नोंद आहे. कपाशी, मका, सोयाबीन पिकवणाऱ्या या भागात दात दाखवायला माणूस जातो तो बहुधा ठणका सोसवेनासा झाल्यावर, आणि सुगीचे दिवस असतील तर तोही गोळीवर निभावून नेतो. पण सर्वांत जास्त नुकसान करणारे विकार दीर्घकाळ दुखतच नाहीत.

दंतक्षय : तोंडातले जंतू साखर व पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातावरचे कठीण कवच विरघळते. गेलेली खनिजे लाळ काही प्रमाणात भरून काढते, मात्र तिला मध्ये सवड लागते. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. शेतावर आणि टपरीवर घेतला जाणारा घोट-घोट गोड चहा या हिशेबात वाईटच. कवचाला संवेदना नसते, त्यामुळे कीड तिथवर असेतो काही कळत नाही. ती आतल्या थरात शिरली की थंड-गोड लागून कळ येते आणि गाभ्याला भिडली की रात्रीची झोप जाते. पहिल्या टप्प्यात कीड कोरून सिमेंट भरले की भागते. गाभा सडल्यावर रूट कॅनल करून वर कॅप बसवावी लागते. त्याला दोन-तीन फेऱ्या पडतात, दाढ मात्र एका फेरीत निघते, म्हणून अनेक जण ‘काढूनच टाका’ म्हणतात. मग शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, समोरची वाढून लोंबते आणि चावण्याची घडी विस्कटते.

ठणका आपोआप थांबणे हे बरे झाल्याचे लक्षण नव्हे. बहुतेकदा दातातली नस मेलेली असते आणि मुळाशी पू साठू लागतो. जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दवाखान्याची वेळ न पाहता रुग्णालय गाठावे. अशा सुजेने जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर नळीने दाढेवर घेण्याचा आणि ‘किडे पाडण्याचा’ उपाय खेड्यापाड्यांत जुना आहे. पडलेले दाखवले जाणारे पांढरे कण धुरातल्या बियांचेच अंश असतात. दातात अळी असते ही समजूत जगभर होती. फ्रान्सच्या पियेर फोशार या दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली.

मुलांचे दात : दुधाचे दात २०, कायमचे ३२. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून कीड सोडून देतात. आयुष्यभराची दाढ अशी दहा-बारा वर्षांच्या आत जाते. तिच्या खाचा सीलंटने बुजवणे सोपे आणि स्वस्त. वीज व ड्रिल नसतानाही हातच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात विकसित झाली. शाळेतल्या शिबिरांना ती चांगली जुळते, कारण मूल भुलीच्या सुईला भीत असेल तरी काम होते.

हिरड्या : ब्रश करताना रक्त येते म्हणून ब्रश करणेच सोडायचे, ही चूक सर्रास होते. रक्त येते ते दाताच्या मुळाशी साठलेल्या थरामुळे. तो थर कडक झाला की कीटण बनते, मग ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढावे लागते. ‘सफाई केली की दात हलतात’ हे येथे हमखास ऐकू येते. खरे तर हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने दात तात्पुरते धरून ठेवलेले असतात. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, हाही असाच निराधार धाक; दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहणे अवघड होते.

तंबाखू व सुपारी : चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, पूर्व विदर्भात खर्रा, आणि काही भागांत बायकांची मिशेरी. दात घासण्याच्या पावडरीत वा पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे. महाराष्ट्राने गुटखा २०१२ मध्ये बंद केला. बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती, हे सांगायला कोशाची गरज नाही. सुपारीने होणारा खास विकार म्हणजे गालाचे आतले अस्तर पांढुरके, ताठ होऊन तोंड उघडेनासे होणे. मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले. आरंभी तिखट झोंबते, तोंड कोरडे पडते, एवढेच. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणी करून घ्यावी. सुपारी सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात इंजेक्शने, अखेर शस्त्रक्रिया असा उपचारांचा क्रम आहे. पण ताठ झालेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही. यातूनच काहींना कर्करोग होतो. नुसती सुपारीही, तंबाखूविना, कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण म्हणूनच दाखवायचा, दुखत नसला तरी.

फ्लुओराइड : योग्य मात्रेत ते कवच बळकट करते, पेस्ट म्हणूनच फ्लुओराइडयुक्त घ्यावी, लहानग्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. दात बनण्याच्या वयात जादा पोटात गेले तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग कायमचे राहतात. पिण्याच्या पाण्यातली भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरे पाणी नसल्यास १.५. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचे खारे पाणी जिभेला लगेच कळते, फ्लुओराइडला मात्र चव नाही. बोअरचे पाणी प्रयोगशाळेतच तपासावे लागते.